काळीतली वखार

दोन शेर ज्वारी दळून होईपर्यंत गोदाबाईंचं जातं दक्षिणेकडे चार बोटं सरकत असे. पावसाळ्यात भुई ओलसर असली की तीन, वैशाखात सारवण सुकून गुळगुळीत झालं की पाच. पण वर्षाचा मेळ घातला तर चार. दळण संपलं की पीठ भरून घ्यायचं, वरचा दगड उतरवायचा, खालचा दोन्ही हातांनी ओढत पुन्हा भिंतीशी न्यायचा आणि वरचा त्याच्यावर ठेवायचा. एखाद्या दिवशी हे राहिलं, तर दुसऱ्या दिवशी उद्धवपंत स्नानाला निघताना जात्याला ठेचकाळत. ज्योतिष्याच्या घरातल्या जात्यानं रोज दक्षिणेची वाट धरावी, हेही त्यांना फारसं रुचत नसे.

जातं जमिनीत रोवलं की सरकत नाही, हे सांगायला पंचांग लागत नाही. पण अमरावतीच्या परकोटात, म्हणजे गावाच्या तटाच्या आत, दक्षिणेच्या दरवाजाजवळ, उद्धवपंतांच्या दोन खोल्या भाड्याच्या होत्या. घरमालकीण जयवंताबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "राहा बाप्पा सुखानं, पण भुई खांदाची नाही." त्याला सात वर्षं झाली होती. उद्धवपंत आणि गोदाबाई सुखानं राहत होते आणि जातं रोज चार बोटं प्रवास करत होतं.

उद्धवपंतांचा स्वभाव एका वाक्यात सांगायचा तर ते दुसऱ्याच्या लग्नाचा मुहूर्त अर्ध्या घटकेत काढत आणि स्वतः हजामतीला कधी बसावं हे ठरवायला त्यांना आठवडा लागे. घरात कुठलाही प्रश्न निघाला की त्यांचं उत्तर ठरलेलं असे: "बघू." हा शब्द ते टाळायचं म्हणून उच्चारत नसत. ते खरोखरच बघत. वर्षानुवर्षं बघत.

अशा माणसाच्या हातात पैसा येऊ नये, पण आला. समुद्रापलीकडे अमेरिकेत लढाई लागली, तिथला कापूस तिथेच अडकला आणि इकडे वऱ्हाडातल्या कापसाला असा भाव चढला की बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या दिसू लागल्या. सौदा करायचा तर मुहूर्त हवा, गाडी हाकायची तर मुहूर्त हवा. भाव रोजच चढता असल्यामुळे उद्धवपंतांचा एकही मुहूर्त चुकेना. दोन हंगामांत त्यांच्याकडे दक्षिणेचे चारशे रुपये साठले.

त्याच सुमारास अकोल्याहून त्यांचे साडू रामराव यांचं पत्र आलं. रामरावांनी अकोल्यात एक वखार बांधून व्यापाऱ्याला कापूस ठेवायला भाड्यानं दिली होती. पत्रात लिहिलं होतं: "वखार म्हणजे दुभती म्हैस समजा. फरक इतकाच, की हिला चारा लागत नाही."

उद्धवपंतांनी पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. गोदाबाई जात्याभोवतीचं पीठ कुंच्यानं गोळा करत होत्या.

"तिथं जातं रोवता येईल का?" त्यांनी विचारलं.

"अगं, वखारीत जातं? कापसात पीठ?"

"बरं."

उद्धवपंतांना काहीतरी टोचलं असावं. "बघू," ते म्हणाले.

जागा त्यांनी स्वतः शोधली. आगगाडी अकोल्याहून अमरावतीला येणार, साहेबलोक लोहमार्गाच्या जागी तांबड्या कापडाच्या काठ्या रोवत येतात, एवढी बातमी त्यांच्याकडे होती. बडनेऱ्याच्या वाटेवर, दरवाजापासून पाचशे पावलांच्या आतच, खुशालरावांच्या शेतात त्यांना तशी काठी दिसली. तांबडा फडका वाऱ्यावर हलत होता. उद्धवपंत आजूबाजूला पाहून, घाईत नसल्यासारखे, घाईघाईनं घरी आले.

खुशालराव कोसभर लांबच्या गावचे जुने शेतकरी. शेताच्या कडेची अर्धा एकर जागा मागितल्यावर ते चकित झाले.

"काय करता पंत इथं?"

"वखार बांधतो."

"काळीत?"

"काळीत."

"बरं," खुशालराव म्हणाले. ज्याच्या मुहूर्तावर आपण कापूस विकला, त्याला दोनदा टोकणं त्यांना बरं वाटलं नाही.

शेत काळीत आणि घर पांढरीत, ही गोष्ट वऱ्हाडात पोराला चालता येण्याआधी कळते. काळी माती पिकासाठी. गाव बसतं ते पांढऱ्या मातीवर. उद्धवपंतांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्यांनी विचार केला होता, आणि विचार करूनच माणूस मोठ्या चुका करतो. त्यांचं म्हणणं असं, की घर पांढरीत हवं कारण घरात माणूस राहतो; वखारीत कापूस राहतो, आणि कापूस तर काळीतच जन्मतो. त्याला माहेरी ठेवायला हरकत कसली? हा युक्तिवाद त्यांनी गोदाबाईंना दोनदा ऐकवला. त्या म्हणाल्या, "कापसाचं चांगलं आहे."

ज्येष्ठात मोजणीचा कारकून साखळी घेऊन आला. त्यानं चार कोपऱ्यांना चार दगड पुरले आणि दीडशे रुपयांत जागा उद्धवपंतांची झाली. मग पाऊस आला. दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर उद्धवपंत जागा पाहायला गेले, तेव्हा दगड तीन होते. ईशान्येचा नव्हता. दुसऱ्या कुठल्याही दिशेचा गेला असता तर चाललं असतं. पण ज्योतिष्याच्या जागेची ईशान्यच गहाळ व्हावी, हे बाहेर सांगण्यासारखं नव्हतं.

"काळीनं गिळला," खुशालराव म्हणाले. "उन्हाळ्यात भेग कशी असते, पाहिली ना तुमी? बकरीचं पिल्लू जाते तिच्यात. दगड गेला आत, अन् पाऊस आल्यावर तिनं तोंड मिटलं."

कचेरीत उद्धवपंतांना कळलं की दगड चोरीला गेल्याचा अर्ज असतो. दगड जमिनीनं गिळल्याचा नसतो. चोरीच्या अर्जात संशयिताचं नाव घालावं लागतं, आणि शेजारी एकच: खुशालराव.

"मंग लिहा ना माझं नाव," खुशालराव म्हणाले. "तुमचं काम होते ना?"

उद्धवपंत तीन दिवस तो अर्ज उपरण्यात बांधून हिंडले. चौथ्या दिवशी त्यांनी संशयिताच्या जागी "काळी जमीन" असं लिहिलं. कारकुनानं अर्ज वाचला, पुन्हा वाचला आणि विचारलं, "राहणार कुठली?"

अर्ज परत आला. एक वर्ष बांधकाम थांबलं. लोक विचारत, "काय पंत, वखारीचा मुहूर्त सापडत नाही काय?" आणि उद्धवपंत पंचांग चाळत. रामरावांना त्यांनी कळवलं. रामरावांचं उत्तर आलं: "म्हशीला सुरुवातीला थोडा चारा घालावाच लागतो."

वैशाखात काळी पुन्हा तडकली. खुशालरावांनी बांबू घेऊन एकेक भेग चाचपली आणि दुपारपर्यंत दगड सापडला. दोन हात खोल आणि खुशालरावांच्या शेतात एक हात आत सरकलेला. कारकून म्हणाला, "सरकारी दगड जिथं, तिथं हद्द."

"अहो, पण जमीन यांची आहे," उद्धवपंत म्हणाले.

"घ्या पंत," खुशालराव हसत म्हणाले. "मी नाई देलं, काळीनं देलं. तिच्यासंग कोण भांडन?"

त्या हातभर पट्ट्यात गोदाबाईंनी दुसऱ्याच दिवशी वालाच्या चार बिया टोचल्या. वखारीला वाल कशाला, असं उद्धवपंतांच्या तोंडावर आलं होतं. पण बिया टोचून झाल्या होत्या.

त्या वर्षीचा पाऊस सरल्यावर नत्थुजी गवंडी आला. त्यानं जमिनीवर उकिडवं बसून मातीचं ढेकूळ हातात चुरलं.

"महाराज, काळी उन्हाळ्यात सास सोडते अन् पावसाळ्यात सास घेते. तिच्या छातीवर भित बांधली तं भित काय करन?"

"काय करेल?"

"तीबी सास घेईन. मंग मधून फाटन."

उपाय होता. चार हात काळी उपसून टाकायची आणि खड्ड्यात मुरूम नि पांढरी माती ठासून भरायची. थोडक्यात, काळीत वखार बांधायची तर आधी काळी काढून तिथं पांढरी आणायची. उद्धवपंतांनी हे ऐकलं आणि "कापसाचं माहेर" हा शब्द पुन्हा काढला नाही.

ही बातमी परकोटात पसरली आणि ज्या लोकांनी आजवर उद्धवपंतांना फक्त विचारलं होतं, ते त्यांना सांगू लागले. समोरचे सोनार म्हणाले, दार पूर्वेला ठेवा. मागच्या आळीतले तेली म्हणाले, उत्तरेला ठेवा, पूर्वेच्या दारातून उन्हं येऊन सरकी तापते. जयवंताबाई म्हणाल्या, दार कुठंही ठेवा, पण ओटा ठेवा, माणसानं बसावं कुठं? उद्धवपंतांनी दोन दारं आणि एक ओटा ठेवला. त्यांना कुणाला दुखवायचं नव्हतं.

पांढरी माती खुशालरावांच्या गावच्या पडक्या गढीची घ्यायचं ठरलं. पण गावाची पांढरी म्हणजे गावाची लक्ष्मी; ती अशी कुणालाही उचलून देत नाहीत. नारळ घेऊन उद्धवपंत गावात गेले. पारावर चारपाच म्हातारे बसले होते.

"घर बांधाले पायजे असन तं न्या," त्यांतला सगळ्यात म्हातारा म्हणाला. "पांढरी माणसाच्या पायाखाली राहाले पायजे. वखारीत कापसाच्या बुडाखाली घालाले नाई द्याची आमाले."

उद्धवपंतांनी खुशालरावांकडे पाहिलं. खुशालराव आभाळाकडे पाहत होते. खोटं बोलायचं तर नारळ फोडून झाला होता.

"एक खोली घराची असेल," उद्धवपंत हळूच म्हणाले.

"चूल पेटन तिच्यात?"

"पेटेल."

ही एवढी तीन अक्षरं महाग पडली. खोली म्हणजे चूल. चूल म्हणजे विस्तव. रामरावांनी तातडीनं कळवलं की कापसाच्या शेजारी विस्तव म्हणजे म्हशीच्या शेपटीला पलिता. तेव्हा गवताचं छप्पर रद्द झालं आणि मातीचे कवेलू आले. सगळा तालुका त्या दोन वर्षांत घरं शाकारत होता, त्यामुळे कवेलूही कापसाच्या भावानं. आग लागली तर पाणी हवं म्हणून विहीर आली. विहिरीला बावीस हातांवर गोड पाणी लागलं. एवढ्या सगळ्या खर्चात हा एकच सुखाचा अपघात.

मातीला चाळीस गाड्या हव्या होत्या आणि हंगाम ऐन भरात होता. कापूस सोडून माती वाहायला गाडीवानांनी तिप्पट मागितले. शेवटी खुशालराव कापूस टाकून रिकाम्या परतणाऱ्या आपल्या गाड्या गढीवरून वळवू लागले. त्यामुळे त्या पांढऱ्या मातीत जागोजाग कापसाचे पुंजके होते, आणि नत्थुजी ते वेचत न बसता तसेच ठासून जोत्यात बसवत होता. "राहू द्या महाराज," तो म्हणे. "थंडीत जोत्याले ऊब लागन."

चारशे रुपये केव्हाच संपले होते. गोदाबाईंनी पाटल्या काढून दिल्या तेव्हा उद्धवपंतांनी मान खाली घातली. "वखारीचं भाडं आलं की पहिल्यांदा याच करू," ते म्हणाले.

"त्या दळताना वाजायच्या," गोदाबाई म्हणाल्या. "बरंच झालं."

वखार उभी राहिली. भिंती सरळ, जोतं छातीइतकं उंच. आणि त्याच फाल्गुनात बातमी पक्की झाली की आगगाडी अमरावतीला येत नाही. ती तीन कोसांवरून, बडनेऱ्यावरून नागपूरकडे जाते.

उद्धवपंत तडक शेतात गेले. "खुशालराव, ती काठी होती ना इथं? तांबड्या कापडाची?"

"ते? ते तं पाखरं हाकलाले लावलं होतं मी. काहून? दुसरं लावलं ना मंग, निळं."

उद्धवपंत बांधावर बसले. खुशालरावांनी त्यांना हुरड्याबद्दल विचारलं, त्यांच्या साडूंची चौकशी केली आणि मग तेही शेजारी बसले. त्या दिवशी उद्धवपंतांनी पंचांग उघडलं नाही. दोन लग्नं अडून राहिली.

चैत्रात अमेरिकेतली लढाई थांबली आणि कापसाचा भाव असा घसरला की बैलांच्या शेंब्या एका महिन्यात नाहीशा झाल्या. कुणी सौद्याचा मुहूर्त विचारीना. उलट दोघांनी जुन्या मुहूर्तांचा जाब विचारला. वखारीत भाडेकरू नव्हता. सकाळी उद्धवपंत तिथं ओट्यावर जाऊन बसत, कुणी येईल म्हणून. दुपारी गोदाबाई जेवण घेऊन येत. भाकरी गार होते म्हणून त्यांनी एकदा तवा आणला. तवा आहे तर परात आली. मग पाट आले, उखळ आलं, लोणच्याची बरणी आली. एका संध्याकाळी भाड्याच्या खोलीत उद्धवपंतांना जेवायला पाट सापडेना, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की घरात आता देव, अंथरूण आणि जातं एवढंच उरलं आहे. सकाळी जातं चार बोटं सरकलं.

ज्येष्ठात एक शेटजी आले. भाव पडल्यामुळे त्यांना कापूस विकायचा नव्हता आणि ठेवायला जागा नव्हती. गावातली एकूण एक वखार तशाच न विकलेल्या कापसानं भरली होती. त्यांनी भिंतीवर थाप मारली, कवेलू पाहिले, विहिरीत डोकावले.

"पंतजी, चाळीस रुपये महिना. सालभराचं आज, नगद."

खुशालराव वालाच्या वेलाशी उभे होते. त्यांनी हळूच शीळ घातली. एका वर्षाच्या भाड्यात वखारीचा जवळजवळ सगळा खर्च फिटत होता, पाटल्यांसकट. रामरावांना कसं पत्र लिहायचं, ते उद्धवपंतांच्या मनात जुळून आलं.

"एकच बात," शेटजी म्हणाले. "ती खोली पाडा लागन. चुला काढा लागन. कापूस अन् आग एका छपराखाली नाई चालत."

"बरोबर आहे," उद्धवपंत म्हणाले. ते बरोबरच होतं. नत्थुजीला बोलावणं गेलं. तो पहार घेऊन आला.

"मुहूर्त तुमीच काढा," शेटजी हसले. "त्याचे येगळे पैसे घ्या."

उद्धवपंतांनी ओट्यावर बसून पंचांग उघडलं. तेवढ्यात गोदाबाई विहिरीवरून घागर घेऊन आल्या. त्यांनी पहार पाहिली, शेटजींना पाहिलं, घागर खाली ठेवली. मग आत जाऊन त्या चुलीजवळची भांडी एकेक करून उचलू लागल्या. आवाज न करता. तवा, परात, बरणी. बरणी उचलताना त्यांनी बूड पदरानं पुसलं.

उद्धवपंतांची नजर पंचांगावर होती, पण ते तिथी पाहत नव्हते.

"अगं," त्यांनी विचारलं, "तुझं जातं दिवसाला किती सरकतं?"

"चार बोटं."

"नेहमी?"

"पावसात तीन. उन्हाळ्यात पाच. धरून चाला चार."

उद्धवपंतांनी समासात आकडे मांडायला सुरुवात केली. जयवंताबाईंकडे आता अकरा वर्षं झाली होती; त्यांचे महिने एकशे बत्तीस. मधले अधिक महिने चार. ते विसरून ज्योतिष्याला चालत नाही. चांद्रमहिना साडेएकोणतीस दिवसांचा धरून त्यातले न दळण्याचे चार दिवस वजा. उरलेल्यांना चारांनी गुणलं, चोवीस बोटांचा एक हात या हिशेबानं भागलं. शेटजींना वाटलं, मुहूर्त फार मोठा निघतो आहे. त्यांनी आदरानं पागोटं सावरलं.

"पाचशे अठ्ठ्याहत्तर हात," उद्धवपंत स्वतःशी म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "नत्थुजी, जयवंताबाईंच्या दारापासून या ओट्यापर्यंत किती अंतर भरेल?"

"कवेलू तुमच्या दारात उतरले तवा सूत धरलं होतं ना आपण, गाडीभाड्यासाठी. सहाशे हात."

उद्धवपंत बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. अकरा वर्षं कुणी ओढून मागे आणलं नसतं, तर ते जातं दक्षिणेच्या दरवाजातून बाहेर पडून, बडनेऱ्याच्या वाटेनं चालत, आज इथपर्यंत आलं असतं. ओट्याच्या अलीकडे थांबलं असतं, इतकंच.

"काय म्हणते पंचांग?" शेटजींनी विचारलं.

उद्धवपंतांनी पंचांग मिटलं. आतून भांड्यांचा आवाज थांबला होता.

"शेटजी, तुमचं म्हणणं रास्त आहे. भाडंही रास्त आहे. खुशालराव, तुमच्या गावच्या म्हाताऱ्यांना मी एक शब्द दिला होता." ते उठले, खोलीच्या दारापाशी गेले आणि आत न जाता तिथंच थांबले. "अगं, बावीस हात कमी पडतात. तेवढं आपण उचलून आणू."

गोदाबाई बरणी हातात धरून उभ्या होत्या.

"मुहूर्त?" त्यांनी विचारलं.

उद्धवपंतांनी दाराच्या डाव्या अंगाला, भिंतीपासून दीड हातावर, टाचेनं जमिनीवर एक खूण केली. ती पांढऱ्या मातीत स्वच्छ उमटली, आणि तिच्यात कापसाचा एक पुंजका वर आला.

"नत्थुजी, पहार इकडे आणा," ते म्हणाले. "जातं इथं रोवायचं."